हे माते

मी ती नळी पुसली. ओढणीच्या टोकाने, चष्म्याची काच पुसावी तशी, बोलता बोलता. पुसली, तोंडाला लावली, एक घोट ओढला आणि येत असलेला एकुलता एक स्पॅनिश शब्द वापरायची संधी साधली, "ग्रासियास". आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलीने मान डोलावली, माझ्या हातातला तो भोपळ्याचा पेला परत घेतला, थर्मासमधलं पाणी ओतलं आणि ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी पुसबिस काही केलं नाही. सुर्र करून ओढलं, तोंड वाकडं केलं आणि पेला परत दिला. मग तिची पाळी झाली. मग माझी यायला हवी होती, ती आलीच नाही. पेला माझ्या नाकासमोरून पुन्हा ह्यांच्याकडे गेला, असा तीनदा, चारदा, आणि मी मागच्या पडवीत टोपलीतल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास घेत बसून राहिले.

तसं पाहिलं तर एवढ्या-तेवढ्याचं काय मोठं. पण दिवसा ज्याचं काही वाटत नाही ते माझ्याकडे रात्री बाराला दार वाजवत येतं. मार्चचा महिना, पंखा नुसता गरम हवा ढकलतोय, कुळागराच्या बाजूने रातकिडे एका सुरात लागलेले, आणि मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. तिने पाहिलं असेल का? पाहिलं असणारच, समोरच तर बसली होती. वाईट वाटलं असेल का? की म्हातारी माणसं अशीच, म्हणून सोडून दिलं असेल? आणि मी पुसली तरी का? भांडं तिचं, पान तिचं, बोलावणं तिचं. स्वच्छता, असं मी स्वतःला सांगितलं. कोविडनंतर नाही का आपण सगळे सावध झालो. हे उत्तर मला पहाटेपर्यंत पुरलं. पदेराचा भोंगा वाजला, पाव घ्यायला उठले तेव्हा ते विरून गेलं होतं.

ती जानेवारीत आली, भाच्याच्या ओळखीने. गोव्यात येणाऱ्या परदेशी माणसाला समुद्र सोडून फोंड्याजवळच्या आमच्या देवळांच्या आणि पोफळींच्या गावात राहावंसं का वाटावं हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला शांतता हवी होती आणि चांगलं इंटरनेट. दुसरी गोष्ट पाऊस सुरू होईपर्यंत मिळते. तिचं काम तिच्या देशाच्या घड्याळाने चालायचं, म्हणजे आमची संध्याकाळ ही तिची सकाळ. त्यामुळे चारच्या सुमाराला आमचा चहा आणि तिचं ते पेय एकाच वेळी मागच्या पडवीत यायचं. गाव पोसादास, असं तिने सांगितलं, आणि माझी मास्तरीण जागी झाली. सत्तावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण अमेरिका म्हणजे अँडीज, पंपासची गवताळ कुरणं, ब्राझीलची कॉफी. पाराग्वेची राजधानी असुन्सिओन, उरुग्वेची माँटेव्हिडिओ, झोपेतून उठवून विचारा. नकाशा काढला. पाराना नदीच्या काठी अर्जेंटिनाचं पोसादास, नदीपलीकडे पाराग्वे, उजवीकडे वर ब्राझील. ह्या तिन्ही देशांच्या सांध्यावर जे झाड उगवतं, ज्याचं पान तिथली माणसं सकाळ-संध्याकाळ पितात, त्याबद्दल माझ्या सत्तावीस वर्षांत एक ओळ आली नव्हती. गुरं किती, गहू किती, हे सगळं फळ्यावर लिहून दिलं. माणसं चार वाजता काय पितात ते राहून गेलं.

नाव ऐकून पहिल्याच दिवशी घरात तमाशा झाला होता. यर्बा माते. यर्बा म्हणजे वनस्पती, हा शब्द स्पॅनिश. माते हा मुळात अँडीजकडच्या केचुआ भाषेतला, भोपळ्याच्या वाडग्याला म्हणतात. म्हणजे पेल्याचं नाव पेयाला पडलं. पण तिच्याकडे य चा उच्चार श च्या अंगाने जायचा, त्यामुळे आम्हाला ऐकू यायचं 'शेर्बा माते', आणि ह्यांनी लगेच हात जोडून "शेरावाली माते" म्हटलं. तिला कळेना. भाच्याने समजावलं की आमच्या भाषेत माते म्हणजे अगं आई, तीही देवळातली. तिला ते इतकं आवडलं की पुढे पेला हातात घेतला की ती आधी हात जोडायची, "हे माते". तिच्या तोंडून ते बरं वाटायचं. तसं ती मला मावशी म्हणायची, मामीचं मावशी कसं झालं देव जाणे.

करायची पद्धत मी डोळ्यांत भरून घेतली आहे. भोपळा वाळवून, पोखरून केलेला पेला, तोंडाला पत्र्याची कड. त्यात पाऊण भाग वाळकं पान घालायचं. पान म्हणजे चहापत्तीसारखं काळं नव्हे. हिरवट करडं, भुग्यासारखं, मध्ये काड्या. पेल्याच्या तोंडावर तळवा ठेवून उलटा करून झटकायचा, मग हळूच तिरका आणायचा, की आत एका बाजूला पानाची टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खळगा. खळग्यात आधी कोमट पाण्याचा घोट. पान फुगू द्यायचं. मग ती धातूची नळी, बोंबिया, खालच्या टोकाला बारीक भोकांची चमचासारखी गाळणी असलेली, खळग्यात रोवायची. एकदा रोवली की हलवायची नाही. ह्यांनी एकदा साखर ढवळल्यासारखी फिरवली तेव्हा ती "नो नो नो" करून किंचाळलीच. पाणी सत्तर-ऐंशी अंशांचं, उकळतं कधीच नाही. भांड्याच्या बुडाला मोहरीएवढे बुडबुडे धरले की उतरवायचं. हे आमच्या घराला झेपणारं नव्हतं, कारण आमचा चहा खळखळून, रंग मातीसारखा येईपर्यंत उकळलेला, आणि हे तो ओठ भाजेल असा पितात. तिने सांगितलं की फार गरम पिण्याने घशाला धोका असतो, 65 अंशांच्या वरचं कुठलंही पेय कर्करोगाच्या संशयितांत घातलंय, 2016 सालची गोष्ट आहे, आणि ती बातमी तिच्या देशात सगळ्यांनी माते पिता पिताच वाचली. ह्यांनी बशीत फुंकर घालून घोट घेतला. तेवढाच बदल.

पहिला पेला करणारीने स्वतः प्यायचा. मला आधी हा उद्धटपणा वाटला होता, पाहुण्याच्या आधी आपण. पण पहिलं पाणी सगळ्यात कडू, त्यात धूळ, भुगा. ते वाईट आपल्या वाट्याला घेऊन मग चांगलं दुसऱ्याला द्यायचं, अशी ती रीत. त्याच पानावर पुन्हा पाणी, पुढचा माणूस. पुन्हा पाणी, त्याच्या पुढचा. पेला एक, नळी एक, माणसं जितकी असतील तितकी. शेवटचा थेंब सुर्र आवाज येईपर्यंत ओढायचा, त्याशिवाय परत द्यायचा नाही. आणि आभार मानायचे नाहीत. हे मला त्या प्रसंगानंतर आठवड्याने कळलं, तेही तिने ह्यांना सांगितलं म्हणून. 'ग्रासियास' म्हटलं की त्याचा अर्थ 'पुरे, मला आता नको' असा होतो. म्हणून माझी पाळी गेली.

आता हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. आपल्या घरात तरी कोण कुणाला धन्यवाद म्हणतं? आईने वाढलं, खाल्लं, उठलं. नेमकी तिथेच मी सभ्यपणा दाखवायला गेले आणि पंगतीतून उठले. मजेशीर किस्सा म्हणून मी तो बहिणीला फोनवर सांगितलाही. ओढणीचा भाग गाळून.

गाळला म्हणजे तो होता.

माझं आजोळ पेडण्याकडचं. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, त्या काळातल्या मे महिन्याच्या सुट्ट्या. मोठं घर, पुढे राजांगण, मागीलदारी विहीर, विहिरीपलीकडे माड. माडांना पाडेली यायचा. झरझर चढायचा, वरून नारळ सोडायचा, धप धप आवाज यायचा आणि आम्हा मुलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी असायची. काम झालं की तो मागच्या पायऱ्यांपासून चार हात लांब उकिडवा बसे. आजी त्याच्यासाठी चहा आणायची, गुळाचा, भरपूर. कुंपणाच्या दगडावर एक करवंटी पालथी ठेवलेली असायची, ती तो उचलायचा, दोन्ही हातांनी पुढे धरायचा आणि आजी कमरेत न वाकता, वरून, दीड हातावरून धार सोडायची. एक थेंब बाहेर नाही. काय नेम होता तिचा. चहा पिता पिता आजी त्याच्या मुलीच्या बाळंतपणाची चौकशी करायची, डिंकाचे लाडू बांधून द्यायची, आणि त्याचा ताप उतरला नाही तर गडी पाठवून काढा पोचवायची. त्याला चहा आजोबांच्याही आधी. हे सगळं खरं आहे. धार वरून सोडायची, हेही खरं आहे.

मी सहा वर्षांची असेन. दुपारी सगळे झोपले असताना मी ती करवंटी दगडावरून उचलली. भातुकलीत करवंट्या असतातच, पण ही वेगळी होती. आतून घासून घासून गुळगुळीत, कडेला बोटं लागून लागून काळी चकाकणारी, आमच्या खेळातल्या खरबरीत करवंट्यांपेक्षा कितीतरी देखणी. मी तिच्यात रांजणातलं पाणी घेतलं आणि प्यायले. पाण्याला गुळाचा आणि धुराचा वास होता. आजी कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने मारलं नाही. दंड धरून विहिरीवर नेलं आणि डोक्यावरून तीन कळश्या ओतल्या, कपड्यांसकट. "परत तोंड लावशील?" मी थरथरत नाही म्हटलं. काय चुकलं हे विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. नंतर तिने माझे केस पुसून वेणी घातली, हातावर साखरखोबरं ठेवलं.

मार्चच्या त्या दुपारी माझ्या हातात आलेला पेला तसाच होता. तपकिरी, गुळगुळीत, कडेला हातांनी काळा झालेला, आत धुराचा वास. मातेची पानं तोडल्याबरोबर आगीच्या झोतातून काढतात, म्हणून त्याला वास लागतो. हे मला नंतर कळलं. ओढणीला आधीच माहीत असावं.

मे महिन्याच्या मध्यावर ती गेली. जाताना एक जुनी नळी आणि अर्ध्या किलोचं एक न फोडलेलं पाकीट ठेवून गेली. पाकीट तिच्या मैत्रिणीने एप्रिलमध्ये तिकडून आणलेलं. त्यावर कापलेलं संत्रं आणि कापलेलं पॅशन फ्रूट, रंग इतके भडक की जत्रेतल्या सरबताच्या बाटल्या आठवाव्यात. नवीन निघालंय म्हणे. ती तुच्छतेने म्हणाली होती, हे माते नाही, हे मुलांचं आहे. तिच्या आजीच्या घरात असलं पाकीट दाराच्या आत आलं नसतं. आजी म्हटल्यावर मी आणखी काही विचारलं नाही. प्रत्येक देशाच्या आज्यांकडे दाराच्या आत न येणाऱ्या गोष्टींची यादी असते असं दिसतं.

पाकीट तिरफळांच्या आणि सोलांच्या डब्यांमध्ये महिनाभर पडून होतं. पॅशन फ्रूटचा वेल आमच्या कुंपणावर आहे, त्यामुळे त्या चित्राचं मला अप्रूप नव्हतं. अप्रूप आहे ते त्याच्या फुलाचं, म्हणजे त्याच्या भावकीतल्या कृष्णकमळाचं. लहानपणी ते फूल हातात घेऊन आई मोजून दाखवायची: हे बाहेरचे शंभर तंतू म्हणजे कौरव, हे पाच पांडव, आणि मधला हा कृष्ण. मला ते इतकं आपलं वाटायचं की हे फूल कुरुक्षेत्रावरच उगवलं असणार अशी खात्री होती. ते मूळचं अमेरिकेतलं आहे हे वाचलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. आणि तिथे गेलेल्या पाद्र्यांनी त्याच फुलात भलतंच पाहिलं होतं. तंतू म्हणजे येशूचा काटेरी मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन म्हणजे खिळे. पॅशन हे नाव त्या यातनांवरून पडलं, आवडीवरून नव्हे. एका फुलावर दोन पुराणं लिहिली गेली आणि फुलाला कुणी विचारलं नाही.

पाद्र्यांवरून आठवलं. तिच्या प्रांताचं नाव मिसिओनेस, म्हणजे मिशनांचा प्रदेश. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी 1609 पासून तिथल्या ग्वारानी लोकांची वसवलेली गावं होती ती, आणि ज्या झाडाचं पान ग्वारानी रानातून खुडून आणत त्याचे मळे ह्या जेझुइटांनी लावले. लावणं सोपं नव्हतं. बी टणक, नुसतं मातीत घालून रुजत नाही. फळ खाणाऱ्या पाखराच्या पोटातून गेलं की रुजतं. ती खुबी त्यांनी हस्तगत केली आणि युरोपात ह्या पेयाचं नावच 'जेझुइटांचा चहा' पडलं. पुढे 1767 मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना हाकललं, मळे ओसाड पडले, आणि पुन्हा लागवड नीट जमायला एकोणिसावं शतक सरावं लागलं. इकडे पोर्तुगालच्या राजाने त्यांना 1759 मध्येच हाकललं होतं, गोव्यातूनही. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये उतरला तिथपासूनचा डेरा उठला, त्याचा देह मात्र जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत, पेटीत राहिला. तिला मी बासिलिका दाखवायला नेलं होतं. लाल, गिलावा उडालेल्या त्या भिंतींसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, आमच्याकडच्या पडक्या मिशनांचा दगडही असाच लाल आहे. मातीही. चिऱ्यासारखी. तिने हातात माती घेऊन मला दाखवली, जणू मी ती पाहिली नव्हती.

पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आपल्याला काजू दिला, अननस दिला, मिरची दिली. काजू आणि अननस हे शब्दसुद्धा तिकडच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आलेले आहेत, आणि तुपी म्हणजे ग्वारानीची सख्खी बहीण. म्हणजे वर्गात 'अ अननसाचा' म्हणून घसा फोडत आले ते ग्वारानीच्या घरातलं होतं. तेच पोर्तुगीज हे पानही आणू शकले असते. मग चार वाजता मडगावच्या हॉटेलात मिरची भज्यांबरोबर लोक नळीने माते ओढत बसले असते. बी रुजलं नसतं म्हणून राहिलं असेल, किंवा पाखरू आणायचं विसरले असतील.

जूनमध्ये एका दुपारी वीज गेली, पाऊस कौलांवर ताशा वाजवत होता, हे बाहेरगावी. मी पाकीट फोडलं.

वास आला तो लहानपणीच्या गोळ्यांचा. संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, वर साखर लावलेल्या, दुकानात काचेच्या बरणीत असायच्या त्या. मागून हळूच वाळक्या गवताचा आणि विझलेल्या चुलीचा. पानात संत्र्याच्या सालीचे वाळके तुकडे दिसत होते. एक दाताखाली धरला, कडू. पहिला प्रयोग मी केला तो सांगायला लाज वाटते: दूध, साखर, एक चमचा हे पान आणि खळखळून उकळी. सवय, दुसरं काय. जे झालं त्याचा रंग तळ्याच्या पाण्याचा आणि चव, तापातल्या माणसाला औषध पाजून वर गोळी दिल्यासारखी. मोरीत ओतलं. कुणी पाहिलं नाही हे बरं, तिने पाहिलं असतं तर विमानाचं तिकीट काढून परत आली असती.

दुसऱ्यांदा नीट करायचं ठरवलं. पण भोपळ्याचा पेला कुठून आणणार? कपात टेकडी ठरेना, पान सगळीकडे पसरे. मग कोनाड्यातली करवंटी घेतली, आमटीचा डाव करायला म्हणून बाजूला ठेवलेली, घासलेली. घेताना हात क्षणभर थबकला, तीन कळश्या आठवल्या, म्हटलं असू दे. करवंटीत पान बरोबर बसलं. टेकडी झाली, खळगा झाला, नळी रोवली. पाण्याला मोहरीएवढे बुडबुडे. पहिला घोट मीच प्यायचा होता आणि दुसरं कुणी नव्हतंही. कडू होतं, पण किराईताएवढं नाही. आधी संत्रं पुढे येतं, लाडात येऊन बोलणाऱ्या पोरासारखं. ते गेलं की मागे ते पान उरतं, जाडसर, धुरकट, जिभेच्या कडेला तुरट. पॅशन फ्रूट म्हणाल तर नावापुरतं. माझ्या कुंपणावरच्या फळाचा आंबटपणा त्यात कुठेच नव्हता, नुसता अत्तरासारखा वास. दुसऱ्या पाण्याला फळं निम्मी झाली. चौथ्या पाण्याला ती संपली आणि उरलं ते साधं माते, मार्चमधलं, ज्याचा मी एकच घोट घेतला होता. ते मला आवडलं. फळांचा मुलामा उतरल्यावरच आवडलं, म्हणजे ती म्हणत होती तेच बरोबर, पण मुलामा नसता तर मी चौथ्या पाण्यापर्यंत पोचले असते का कोण जाणे.

मग बर्फ घालून पाहावं असं मनात आलं. पाराग्वेत उन्हाळ्यात हेच थंड पाण्यात पितात, तेरेरे म्हणतात, रानातला पाला ठेचून घालतात. युनेस्कोने 2020 मध्ये ते आपल्या वारशाच्या यादीत घेतलं आहे. वीज नसल्याने बर्फ विरघळायला लागला होता, तोच घेतला. नवीन पान, थंड पाणी, आणि वर कुंपणावरच्या एका खऱ्या फळाचा गर. ही गोष्ट मात्र जमली. मेमध्ये, काजूच्या दारूच्या, हुर्राकाच्या दिवसांत, सुचली असती तर. बियांनी नळीची भोकं बुजली, ओढून ओढून गाल दुखले, तरी जमली.

त्याच वेळी घरकामाला येणारी बाई आली. छत्री पडवीत उलटी ठेवली, पाय पुसले आणि माझ्या हाताकडे पाहून जागीच थांबली. करवंटी, तिच्यात रोवलेली नळी, गाल आत ओढून बसलेली मी. "कितें हें, बाई?"

"चहा आहे. फळांचा. लांबचा." मला दुसरं काही सुचलं नाही. आणि मग मी करवंटीत ताजं पाणी घातलं, नळी तिच्या बाजूला वळवली आणि पुढे केली. ओठांना लागलेलं टोक मी पुसलं नाही, आठवणीने पुसलं नाही.

तिने करवंटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचं गाव पेडण्याकडचंच आहे, हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. करवंट्या तिने कुठे कुठे पाहिल्या असतील हे मी कधी विचारलेलं नाही. ती हसली, नको अशी मान हलवली, आणि मोरीवरच्या खिडकीकडे हात नेला. तिथे तिचा ग्लास असतो. स्टीलचा. ती कामाला लागली त्या आठवड्यात मीच आणलेला, चांगला जड बघून. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर नावं घातलेली आहेत, सासूबाईंचं, माझं, लग्नाची तारीख. ह्याच्यावर काही नाही. कपाटात जागा भरपूर आहे.

"हांतूंत घाल," ती म्हणाली आणि ग्लास पुढे धरला. दोन्ही हातांनी.

नळीतून ओतता येत नाही. मी गाळणी घेतली, करवंटी तिरकी केली, पान आणि बिया गाळणीत कोसळल्या, टेकडी मोडली. ग्लासात जेमतेम चार बोटं उतरलं. मी गाळणी ग्लासाला टेकवून धरली होती, अगदी टेकवून, धातूवर धातूचा आवाज येईल अशी. तिने एक घोट घेतला, डोळे बारीक केले. "कडू मगो," म्हणाली. "साकर घाल." मी दोन चमचे साखर घातली. मग ते सगळं ती प्यायली, उभ्याउभ्याच, खिडकीबाहेर पाऊस किती आहे ते पाहत, आणि उद्या येणार नाही, नातवाला डॉक्टरकडे न्यायचंय, असं सांगितलं. मी विचारलं काय झालं, ती म्हणाली खोकला. मी डब्यातून आलेपाकाच्या चार वड्या कागदात बांधून दिल्या.

मग तिने ग्लास विसळला आणि खिडकीत पालथा घातला. मी करवंटी धुतली. ती कुठे ठेवायची हे मला बराच वेळ कळेना.